मनोरुग्णालयातील मुक्काम कोण लांबवितो?

कोणी जरा विक्षिप्त बोलला की "याला आता ठाण्याला पोहोचविले पाहिजे" असे म्हणून हसण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील माणसाला एरवी ठाणे म्हणजे जिल्ह्याचे गाव, कोर्टकचेरीचे ठिकाण. या वाक्यातले ठाणे निराळे. ते म्हणजे १९०१ साली स्थापन झालेले, शेठ नरोत्तमदास माधवदास यांचे नाव धारण करणारे आणि आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाणारे वेड्यांचे इस्पितळ. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मोठी सरकारी मनोरुग्णालये महाराष्ट्रात पूर्वापार चालत आलेली आहेत. त्यांपैकी ठाण्याचे आपल्याला सर्वांत जवळचे. हसणारा मनुष्य हे विसरतो की, तेथील एखाद्या खाटेवर त्याच्याच वस्तीतील, त्याच्याच भावकीतील कोणी निजलेला असेल. आणि तो घरी केव्हा परतणार, हे बहुतेक वेळा डॉक्टर ठरवीत नसून हे हसणारे लोकच ठरवीत असतात.

रोग्याला मनोरुग्णालयात किती दिवस राहावे लागते, असा प्रश्न केला तर सामान्य समजूत अशी आढळते की, रोग जितका भारी तितका मुक्काम लांब. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. स्किझोफ्रेनिया, ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, त्या रोगाचे रुग्ण उदासीनतेच्या रुग्णांपेक्षा अधिक काळ राहतात. रोगाला दारूची जोड असेल, यापूर्वी दोन-चार वेळा दाखल व्हावे लागले असेल, औषध मध्येच सोडले असेल, तर मुक्काम वाढतो. परंतु आजच्या औषधांनी रोगाचा तीव्र जोर बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. झोप येऊ लागते, भास कमी होतात, मनुष्य आपले नाव-गाव सांगतो, मुलाबाळांची चौकशी करतो. हे आठवडे रोगाचे होत. त्यापुढे जे महिने आणि जी वर्षे जातात, ती रोगाच्या खात्यावर मांडणे ही शुद्ध लबाडी आहे.

देशातील २४ राज्यांमधील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी होऊन २०१९ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की, तेथे राहणाऱ्यांपैकी ३६.२५ टक्के माणसे एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ तेथेच होती. शंभरांत छत्तीस! राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२३ च्या जानेवारीत देशातील ४६ सरकारी मानसिक आरोग्य संस्थांच्या अवस्थेबद्दल सरकारांना जाब विचारला, तेव्हाही बऱ्या झालेल्या माणसांना तेथेच ठेवून घेतले जाते, हाच मुख्य आक्षेप होता. बरा झालेला मनुष्य इस्पितळात राहतो, याला मुक्काम म्हणावे की कैद, हे वाचकांनी ठरवावे. कैद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते.

कायदा काय म्हणतो, ते आपल्या प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे. कारण आपल्या लोकांचे हक्क कागदावर असतात आणि कागद कपाटात असतो, हा आपला जुना अनुभव आहे. ब्रिटिश अमदानीतील १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा माणसाला बंदिस्त कसे करावे, एवढेच पाहत असे. १९८७ च्या कायद्याने भाषा थोडी सुधारली. २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्य सेवा अधिनियम केला व तो २०१८ साली अमलात आला. त्यात प्रथमच रुग्णाला हक्क असलेला नागरिक मानले गेले. जो स्वतःहून दाखल झाला त्याने मागितल्यास त्याला सोडावे लागते. ज्याला स्वतःचा निर्णय घेण्याची स्थिती नाही, त्याला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येते, परंतु ते ३० दिवसांपुरतेच. त्यापुढे ठेवायचे झाल्यास दोन मनोविकारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि पुनर्विलोकन मंडळाची परवानगी घ्यावी लागते. ती प्रथम ९० दिवसांपर्यंत, मग १२० दिवसांपर्यंत, मग प्रत्येक वेळी १८० दिवसांपर्यंत. या मंडळाकडे रुग्ण स्वतः अर्ज करू शकतो आणि त्यासाठी त्याला विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

याच अधिनियमाचे एकोणिसावे कलम तर सोन्याच्या अक्षरांनी लिहून विहाराच्या भिंतीवर लावावे अशा योग्यतेचे आहे. कुटुंब नाही म्हणून, कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून, घर नाही म्हणून किंवा समाजात सोय नाही म्हणून, केवळ एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. अशा माणसांसाठी समाजात राहण्याची निवासगृहे उभारणे हे सरकारचे कर्तव्य म्हणून तेथे नमूद आहे. आणि तिसऱ्या कलमात नवदीक्षितांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. समाजात रूढ असलेल्या धार्मिक श्रद्धा किंवा नीतिकल्पना मानीत नाही, एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरविता येत नाही. घरातील देव्हारा काढून टाकणाऱ्या सुनेला "हिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे" म्हणणारे नातलग अजून आहेत. त्यांना हे कलम वाचून दाखवावे.

आता सरकारकडे पाहू. कायदा झाला, पण बऱ्या झालेल्यांनी जावे कोठे? आपल्या राज्याने काढलेली युक्ती अशी की, बऱ्या झालेल्या काही माणसांची रवानगी भिकारीगृहांत आणि तशाच कोंडवाड्यांत करावयाची. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा ताबडतोब थांबविण्याचा आदेश महाराष्ट्र सरकारला दिला. ज्याने भीक मागितली नाही त्याला भिकारी ठरवून एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात टाकणे, ही कल्पना ज्या मेंदूतून निघाली त्याची तपासणी प्रथम व्हावयास हवी होती. निवासगृहांची मागणी आपण सतत लावून धरली पाहिजे. ती आपल्या भागातच, उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात हवीत. घरापासून दूर ठेवलेला मनुष्य घराला लवकर विसरला जातो.

परंतु सर्व दोष सरकारच्या दारात टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. इस्पितळातील समाजसेवा अधीक्षक रुग्णाच्या घरी पत्र पाठवितो. पत्र परत येते. दाखल करतानाच पत्ता खोटा दिलेला असतो, किंवा खरा पत्ता असूनही 'येथे राहत नाही' असा शेरा पडतो. दूरध्वनीचा क्रमांक बदललेला असतो. तोपर्यंत शिधापत्रिकेवरून त्या माणसाचे नाव कमी झालेले असते, खोली धाकट्याच्या नावावर झालेली असते, आणि धाकट्या बहिणीचे लग्न जमत असताना पाहुण्यांना "थोरला गावी असतो" असे सांगून झालेले असते. एकदा असे सांगितले की मग थोरल्याने परत येऊन चालत नाही. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर वासे आधी फिरतात.

हे लिहिताना आम्ही गरिबीकडे डोळेझाक करीत नाही. सुभाष टेकडीवर किंवा बुवापाड्यात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे निजतात, त्यात रात्रभर येरझारा घालणारा सातवा कसा सामावून घ्यावयाचा, हा प्रश्न ज्याने ते भोगले नाही त्याने हलका समजू नये. बदलापूर ते ठाणे हे रेल्वेने सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर. तिकिटाचे पैसे फारसे नाहीत. पण बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला भेटीचा एक दिवस म्हणजे एक खाडा, आणि महिन्यात तीन खाडे झाले की चौथ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा. कोणाची चाळ पाडली गेलेली असते, कोणी भाड्याची खोली बदललेली असते. तेव्हा परत आलेले प्रत्येक पत्र निष्ठुरपणाचेच असते असे नव्हे. गरिबीने मुक्काम लांबतो. मात्र गरिबीने लांबलेला मुक्काम आणि लाजेने लांबलेला मुक्काम यांतील फरक त्या घरातील माणसांना आतून ठाऊक असतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा सगळा व्यवहार अधिकच क्रूर होतो. पुरुष आजारी पडला तर बायको, निदान आई, डबा घेऊन भेटीला येते. स्त्री आजारी पडली तर सासर म्हणते माहेरी न्या, माहेर म्हणते ती दिल्या घरची. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जी जनहित याचिका केली, तिच्या मुळाशी अशाच एका स्त्रीची हकीकत होती. तिच्या पतीने तिला २००९ साली ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखल केले आणि ती सुमारे बारा वर्षे तेथे राहिली. बाहेर जाण्यास योग्य असूनही राहिली. बारा वर्षांत मूल शाळेत जाऊन शाळा संपवून बाहेर पडते! त्या प्रकरणामुळे न्यायालयाने दहा-दहा वर्षे अडकून पडलेल्या रुग्णांचा प्रश्न हाती घेतला आणि पुनर्विलोकन मंडळांच्या कामाबद्दल सरकारला उत्तर द्यावे लागले. अशा स्त्रियांना इस्पितळातून बाहेर काढून कामाला आणि स्वतंत्र निवासाला लावण्यासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'तराशा' हा प्रकल्प २०११ पासून चालत आला आहे. आपल्या महिला मंडळांनी त्याची माहिती करून घ्यावी.

थेरी पटाचारेची कथा आपल्या भगिनींनी ऐकली असेल. पती, दोन मुले आणि आई-वडील एकापाठोपाठ गमावून तिचे भान हरपले. अंगावरील वस्त्राचीही तिला शुद्ध राहिली नाही. लोक तिला वेडी म्हणून हुसकावीत होते. जेतवनात ती आली तेव्हाही जमलेल्यांनी तिला अडविण्याचा प्रयत्न केला. तिला येऊ द्या, असे भगवंतांनी सांगितले. कोणी एकाने आपले उत्तरीय तिच्या अंगावर टाकले. पुढे ती विनयाच्या ज्ञानात भिक्षुणींमध्ये अग्रगण्य ठरली. तिला येऊ दिले नसते तर हे काहीच घडले नसते.

मुक्काम किती लांबेल, याचा निर्णय पुष्कळदा इस्पितळाच्या दारात पाऊल पडण्यापूर्वीच झालेला असतो. पहिला भास झाल्यापासून पहिले औषध मिळेपर्यंत जितका काळ वाया जातो, तितका रोग मुरतो आणि तितके बरे होणे अवघड होते, हे वैद्यकाने पुनःपुन्हा दाखवून दिले आहे. हा काळ आपल्या घरांत कोठे जातो? भगताकडे जातो, देवऋष्याकडे जातो, गंडा-दोरा आणि लिंबू-मिरचीत जातो. आम्हाला स्पष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या उच्चारून दीक्षा घेतलेले कुटुंब घरात आजार शिरताच रात्रीच्या अंधारात पुन्हा त्याच भगताचा उंबरठा झिजविते, असे होता कामा नये. अंगात आले, बाहेरची बाधा झाली, ही भाषा आपण टाकून दिलेल्या धर्माची भाषा आहे. तामिळनाडूत एर्वाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवासात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे आग लागली आणि २८ माणसे पळताही न येता मेली. साखळी घालणे आता २०१७ च्या अधिनियमाने सर्वथा निषिद्ध आहे. आणि अघोरी उपायांविरुद्ध आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायद्याच्या आधी आपली प्रतिज्ञा आहे.

लांबलेला मुक्काम स्वतःच पुढचा मुक्काम लांबवितो, हीसुद्धा एक चमत्कारिक गोष्ट आहे. रसेल बार्टन या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १९५९ साली दाखवून दिले की, वर्षानुवर्षे इस्पितळात राहिलेल्या माणसात जो बधिरपणा, आळस आणि इच्छाहीनता दिसते, त्यातील पुष्कळसा भाग मूळ रोगाचा नसून इस्पितळाने निर्माण केलेला असतो. घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, कोणतीही निवड स्वतः न करणे, खिशात एक पैसाही नसणे. अशी पाच वर्षे काढलेला धडधाकट मनुष्यसुद्धा बाहेर आला तर रस्ता ओलांडताना बावरेल. मग घरचे लोक म्हणतात, "पाहा, अजून बरा झालेला नाही." आणि तो परत पाठविला जातो.

मात्र केवळ दरवाजे उघडले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही मानू नये. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण दिसून आल्यानंतर पश्चिमेकडील मोठमोठी वेड्यांची इस्पितळे हळूहळू रिकामी होऊ लागली. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. पुढील काही दशकांत त्यांपैकी बहुतेकांना बाहेर काढले. पण बाहेर त्यांच्यासाठी घरे आणि दवाखाने पुरेसे उभारले नाहीत, म्हणून कित्येकजण रस्त्यावर आले आणि कित्येक तुरुंगात गेले. इटलीत डॉ. फ्रांको बासाग्लिया यांच्या चळवळीतून १९७८ साली कायदा होऊन जुनी इस्पितळे बंद करण्यात आली. त्रिएस्ते या शहरात जागोजागी लहान केंद्रे निघाली, म्हणून तेथे तो प्रयोग टिकला. फार लवकर सोडलेला आणि पुढे औषध न मिळालेला रुग्ण महिन्या-दोन महिन्यांत परत येतो. म्हणून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय येथे मनोविकारावरील औषधे आणि महिन्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने खंड न पडता मिळावीत, ही मागणी इस्पितळातील खाटा वाढविण्याच्या मागणीपेक्षा अधिक निकडीची आहे. औषधासाठी ठाण्याला जावे लागले की दोन महिने नेमाने जातात, तिसऱ्या महिन्यात खाडा वाचविण्यासाठी औषध चुकते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे येतो. भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघात गग्ग नावाचा एक भिक्खू होता. त्याला वेड लागले. उपोसथाची त्याला कधी आठवण राही, कधी राहत नसे. तो कधी येई, कधी येत नसे. संघाने त्याला हाकलले नाही. भगवंतांनी अशी व्यवस्था सांगितली की, संघाने रीतसर ठराव करावा, आणि गग्ग आला तरी व न आला तरी संघाचे उपोसथकर्म शुद्ध मानावे. म्हणजे त्याच्या आजारामुळे संघाचे काम अडत नाही आणि त्याचे संघातील स्थानही जात नाही. ही हकीकत विनयपिटकातील महावग्गात आहे.

पण खरी कसोटी पुढेच लागली, जशी ती आपल्याही घरांत पुढेच लागते. गग्ग बरा झाला. वेडाच्या भरात त्याच्या हातून भिक्खूला न शोभणारी पुष्कळ कृत्ये झाली होती. आता इतर भिक्खू त्याला टोचू लागले : अमुक अपराध केलास, आठवतो का? तो म्हणे, मी वेडा होतो, मला ते आठवत नाही. तरी ते टोचीतच राहिले. तेव्हा भगवंतांनी जी तरतूद केली तिचे नाव अमूळ्हविनय. बऱ्या झालेल्या भिक्खूने संघासमोर येऊन तीन वेळा विनंती करावी, समर्थ भिक्खूने संघापुढे ठराव मांडावा, तो तीन वेळा उच्चारावा, आणि संघाने मौनाने संमती द्यावी. त्यानंतर वेडातील कृत्यांबद्दल त्याला कोणी दोष द्यावयाचा नाही. ही दयेपोटी केलेली भाबडी क्षमाही नव्हे. ज्याला आपले कृत्य आठवत असूनही जो वेडाचे सोंग घेतो त्याला हा अमूळ्हविनय देऊ नये, असेही तेथेच स्पष्ट केले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी केलेल्या या नियमात न्याय आहे, विवेक आहे आणि परत येणाऱ्या माणसाची वाट मोकळी करण्याची तळमळ आहे.

आपल्याकडे मनोरुग्णालयातून परतलेल्याचा पेला निराळा ठेवतात. त्याचे ताट निराळे, त्याचे अंथरूण दाराजवळ. पोरे त्याच्याजवळ जाऊ लागली की त्यांना ओढून घेतात. हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटत नाही काय? ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले, ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांनी धर्मांतर करून माणुसकी मिळविली ती आपल्याच रक्ताच्या माणसाचा पेला निराळा ठेवण्यासाठी नव्हे. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळीने प्याले, त्या पाण्याची आण असलेल्या घरात हे घडते, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ठाण्याहून परतलेल्या माणसाच्या बाबतीत आपल्या विहारांनी अमूळ्हविनयाच्या धर्तीवर काही करावे. तमाशा नको, त्या माणसाची स्वतःची इच्छा असेल तरच. गग्गानेही स्वतः विनंती केली होती, इतरांनी त्याला उभे केले नव्हते. रविवारच्या वंदनेनंतर बौद्धाचार्यांनी उपासक-उपासिकांसमोर एवढेच सांगावे की, आपला हा बंधू, ही भगिनी, आजारातून उठून घरी आली आहे. आजारात जे घडले ते कोणी काढावयाचे नाही. जे कुटुंब एकट्याने शेजाऱ्यांच्या नजरा सोसू शकत नाही, त्याच्या पाठीशी वस्ती उभी राहिली की ते पत्राला उत्तर देऊ लागते. उल्हासनगर हे गावच मुळी घर गमावलेल्यांचे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना युद्धकाळातील लष्करी छावणीत आसरा मिळाला, त्याचे १९४९ साली हे शहर झाले. छावणीचे घर करता येते हे येथील मातीला ठाऊक आहे. त्याच फाळणीने दोन्ही देशांतील वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांचीही धर्मावरून वाटणी केली, आणि १९५० साली त्यांची देवघेव झाली, हे मात्र थोड्यांना ठाऊक आहे. त्यांना कोणी विचारले नव्हते.

वस्तीच्या पाठिंब्याबरोबर काही रोखठोक गोष्टीही लागतात. घरातील कमावता मनुष्य आजारी पडला असेल आणि तो राज्य विमा योजनेखालील कामगार असेल, तर लगेच नोकरी गेली असे समजून हताश होऊ नये. दीर्घकालीन रोगांच्या ज्या यादीला वाढीव आजारपणाचा लाभ मिळतो, तीत गंभीर मनोविकारांचा समावेश आहे. पात्रतेच्या अटी पुऱ्या होत असतील तर वेतनाच्या ८० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत रक्कम मिळू शकते. ही योजना १९४८ च्या कायद्याने आली, पण तिचा पाया बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री असताना घातला गेला होता, हे विसरू नये. कारखान्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी असे दावे भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे. सुटकेच्या वेळी डॉक्टरांनी रुग्णाशी व घरच्या माणसांशी पुढील उपचारांविषयी बोलणे कायद्याने आवश्यक आहे. तेव्हा कागदावर अंगठा उठवून निघून येऊ नये. औषध कोणते, किती दिवस, कोठे मिळेल, पुन्हा केव्हा दाखवायचे, हे विचारून लिहून घ्यावे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे; ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. आणि रुग्णाला अधिकार नसताना अडवून ठेवले आहे असे वाटल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. वकिलाची फी पडत नाही.

बदलापूरच्या पुढे, याच रेल्वेमार्गावर कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, केस जटा झालेल्या, नाव विसरलेल्या मनोरुग्णांना तेथे आणतात, औषधोपचार करतात, आणि भान आले की गावाचे नाव काढून घेऊन कार्यकर्ते त्यांना परराज्यांतील घरांपर्यंत पोहोचवून येतात. या कामासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोठल्या बिहारातील, कोठल्या बंगालमधील घर ते शोधून काढतात. आपल्या माणसांची घरे तर अंबरनाथला, कुलगावला, कॅम्प नंबर चारला आहेत. शोधण्याची गरज नाही, कडी काढण्याची आहे.

ठाण्याच्या मनोरुग्णालयातून आलेले पत्र ज्या घरात उत्तर न देता पडून आहे, त्या घराने ते घेऊन येत्या रविवारी आपल्या विहाराच्या चिटणिसाकडे जावे. कोणाला लिहिता येत नसेल तर उत्तर चिटणिसांनी लिहावे. भेटीच्या दिवशी घरच्या माणसाचा खाडा होत असेल तर पाळी नसलेला कोणी तरुण बरोबर द्यावा. आणि नेऊन आणण्याचा खर्च विहाराच्या दानपेटीतून व्हावा.